शेवटच्या दोन पुड्या

रशिदानं पिशवीतून आठ पुड्या काढल्या आणि डॉ. भैरवींच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येक पुडीवर महिना लिहिलेला होता.

"रिपोर्ट," ती म्हणाली.

टेबलावर रिपोर्ट आधीच होते. मेंदूचा फोटो, नसांची तपासणी, रक्त. सगळ्यांचं एकमत होतं आणि ते रशिदाला मान्य नव्हतं.

"ते मशीनचं. मशीननं ह्यास्नी अर्धा तास बघितलंय. ह्ये आठ म्हैन्याचं हाय."

पुड्यांत चांदीचे पैंजण होते, प्रत्येकीत एक. हुपरीला त्यांच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या कामातला एक पैंजण वानगी म्हणून मागं ठेवायची रीत होती. मालाबद्दल कुणी तक्रार केली, तर तो पुढं करायचा. आजाराबद्दल पुढं करायची ही पहिलीच वेळ.

कारागीर स्वतः, म्हणजे रशिदाचा नवरा नबीलाल, शेजारच्या खुर्चीत बसला होता. दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसा त्यानं उजवा हात मांडीवर ठेवला होता.

रशिदानं घरचं भिंगही आणलं होतं. डॉक्टरांनी ते डोळ्याला लावलं. ऑगस्टच्या पैंजणात ज्योतीवर चांदी वितळवून कडीला कडी जिथं झाळली होती, तिथं नुसती रेघ दिसत होती. ऑक्टोबरात रेघेची गाठ झाली. डिसेंबरात चांदी जोडाच्या शेजारीच सांडली. जानेवारीत दोन कड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, पैंजण वळतच नव्हता. डॉक्टर एकेका पुडीला मान डोलावत गेल्या. आजार कसा वाढला, हे इतकं स्वच्छ त्यांना मशीननं दाखवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या पुडीशी मान थांबली. जोड ऑगस्टपेक्षा बारीक होता. मार्चचा त्याहून.

"बघितलासा?" रशिदा पुढं सरकली. "फरक पडलाय. मागच्या खेपंला म्हनालासा, ज्योतीम्होरं बसायचं न्हाय. त्या दिसापास्नं ह्यास्नी घास उतरंना झालाय. आता हात सुधारलाय, तवा कामावरनं उठवू नगा."

"आणखी काही बदल?"

"आळस! दुपारच्या नमाजाला जात्यात ते तासभर येतच न्हाईत. चौकात बसत्यात. आदी धा मिन्टांत माघारी यायचं."

नबीलाल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. ते मागच्या वर्षाचं होतं.

या आजाराला औषध थोडं आणि माहिती भरपूर. त्यामुळे डॉ. भैरवी माहिती देताना हात आखडता घेत नसत.

"हे बघा मावशी, नसेच्या पेशीत एक आतली खोली असते. काय बनवायचं त्याची मूळ वही तिथं. वहीवरनं नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेत नको ते तुकडे शिरायला बघतात. एक प्रोटीन नकलेला धरून बसलेलं असतं, ते त्यांना शिरू देत नाही. मग नक्कल बाहेर जाते आणि तिच्याबरहुकूम माल बनतो."

"एवढ्या कामाचं, आन् कदी नाव ऐकलं न्हाय."

"नीट काम करतंय तोवर कुणाला त्याचा पत्ता नसतो. या आजारात ते खोली सोडून बाहेर येतं आणि बाहेरच गोळा होऊन बसतं. आत परत जात नाही."

"चौकात! ह्यांच्यागतच की," रशिदा म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

नबीलालनं कॅलेंडरावरची नजर काढली.

"बाई, त्ये भाईर बसल्यावर आतलं काम कोन करतंय?"

"कुणीच नाही. नस वाळत जाते. तोच आजार."

नबीलालनं यावर जरा विचार केला. मग डाव्या हातानं शेवटच्या दोन पुड्या बाजूला सारल्या.

"मग ह्या दोन रिपोर्टात धरू नगा."

"का म्हनून?" रशिदा उसळली.

"जोड लई चांगलं हायत. तीस वर्सांत मला असलं जमल्यालं न्हाय."

रशिदानं हात पदराखाली घेतले. उशीर झाला होता. तिच्या बोटांवरचे भाजल्याचे चट्टे डॉक्टरांनी पुड्या मांडतानाच पाहिले होते.

"कवा कळलं तुमास्नी?"

"पैल्याच दिशी."

"आन् बोलला न्हाईसा?"

"बोललो असतो तर तू झाळायची थांबली असतीस. चौकात काय मी हवा खायला बसत हुतो व्हय? तुझं आटपंस्तवर कुटंतरी बसायचंच की."

रशिदानं हात पदराखालून बाहेर काढले. मग म्हणाली, "एवढ्या उनात? छत्री तरी न्यायची."

डॉक्टरांनी चिठ्ठी ओढली आणि एक गोळी लिहिली. "यानं आजार जरा सावकाश चालेल. थांबणार नाही. आणि ज्योतीपासनं लांब बसायचं."

"बसतो. आनि एक लिवा. हिच्या बोटांस्नी मलम."

डॉक्टरांनी लिहिलं.

"गुन किती दिसांत?"

"आठ दिवसांत."

"म्हंजी घरातला एक हात तरी सुधारनार," नबीलाल म्हणाला.

रशिदा पुड्या पिशवीत भरू लागली. नबीलालनं भिंगाकडं उजव्या हाताची बोटं नेली. भिंग चिमटीतून सुटलं. त्यानं पुन्हा उचलायचा प्रयत्न केला नाही. मुठीच्या कडेनं ढकलत ढकलत त्यानं ते टेबलावरनं रशिदाच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.