जाळंवाली बाई

“ज्याचं नाक काढशील, त्याला आधी विचार रे बाबा.”

ऑरिननं गोठ्याच्या दारावर कोळशानं पाद्रीबुवांचं नाक काढलं, तेव्हा आई म्हणाली होती. त्याला तीस वर्षं झाली. टोलेडो शहरातल्या माडीवर तो टाक उचलायचा तेव्हा अजून तो आवाज यायचा. तो टाक दौतीत बुडवायचा, की आवाज थांबायचा.

सकाळी वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रासाठी महापौरांचं पोट, दुपारी पोस्टकार्डांसाठी बिनलग्नाची बाई. लीप वर्ष होतं. लीप वर्षात बायकांनी पुरुषांना मागणी घालावी, अशी तिकडची थट्टेची रीत. ऑरिनची लांब नाकाची बाई फुलपाखरांचं जाळं घेऊन पुरुषांमागं धावायची. कार्डं गावोगाव खपली. छापखान्याला शुक्रवारपर्यंत आणखी बारा चित्रं हवी होती.

समोर थोरली, बिनलग्नाची बहीण व्हिनी बसली होती. शाई वाळली, की पावाचा गर चोळून खालच्या पेन्सिलीच्या रेषा पुसायच्या, हे अकरा वर्षं तिचं काम.

“पाव शिळा आहे आज,” ती म्हणाली. “तुझ्या विनोदासारखा.”

“जपून चोळ. बाई फाटेल.”

“फाटते कसली! कातडी जाड आहे तिची.”

तिनं हात झटकले. एप्रनच्या खिशातून कार्डं काढली आणि टेबलावर ठेवली. नऊ होती. नऊच्या नऊ कार्डांवर तीच जाळंवाली बाई, पाठीमागं व्हिनीचं नाव आणि पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव एकावरही नाही. एकावर लिहिलं होतं, ‘रविवारी चर्चमध्ये जाळं आणू नये.’

“पोस्टमन हसू दाबत होता बिचारा,” व्हिनी म्हणाली.

ऑरिननं वर पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. नाक कुणाचं आहे, हे त्याला तिसरं कार्ड काढतानाच कळलं होतं. तरी तो तेच नाक काढत राहिला होता.

“ही बारा मी काढत नाही,” तो म्हणाला. “आजच कळवतो छापखान्याला.”

व्हिनीनं पावाचा नवा तुकडा मोडला. समोरचा कागद ओढून घेतला आणि बाईच्या नाकाभोवतीची पेन्सिल सावकाश पुसू लागली. नाक काळंभोर, स्वच्छ उठून आलं.

“विचारलं असतंस ना ऑरिन, तर बसले असते मी तुझ्यापुढं,” ती म्हणाली. “थोडी हसलेही असते. ही तुझी बाई एकदासुद्धा हसत नाही रे.”