कॅमेऱ्याच्या डावीकडे

"अम्मा, ही नजर तुम्ही आणलीत तरी कुठून?" मॉनिटरवर मूळ तेलुगू सिनेमातला शॉट चौथ्यांदा बघत चैत्राने विचारलं. त्याच सिनेमाच्या कन्नड रिमेकची चैत्रा नायिका होती. होडीतून कायमची निघालेली नायिका काठाकडे बघते, ती नजर दिग्दर्शकाला जशीच्या तशी हवी होती आणि सकाळपासून काही केल्या जमत नव्हती.

सुगुणा हसली. तेवीस वर्षांपूर्वी त्या होडीत तीच बसली होती. आता या रिमेकमध्ये ती चैत्राच्या आईची भूमिका करत होती. "मी हिरोकडे बघतच नव्हते गं. कॅमेऱ्याच्या डावीकडे एकजण उभा होता, फोकसचं अंतर मोजायची टेप हातात धरून. त्याच संध्याकाळी तो मुलगी बघायला गावी निघणार होता. 'थांब' म्हणायचा मला धीर झाला नाही."

"मग त्यांना कळलं नाही?"

"गोदावरीवर ऊन मी म्हणत होतं. पाण्याच्या चकाकीत त्याला माझे डोळे दिसलेच नसणार." इतकी वर्षं ती स्वतःची अशीच समजूत घालत आली होती.

"तुम्ही तिथे उभ्या राहाल? मी तुमच्याकडे बघेन."

कावेरीच्या काठावरही ऊन तसंच होतं. सुगुणा कॅमेऱ्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. होडी हलली. चैत्राने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कट! ओके!" दिग्दर्शक आनंदाने ओरडला.

सुगुणा मात्र जागची हलली नाही. भर उन्हात, एवढ्या लांबून, त्या पोरीचे डोळे तिला स्वच्छ दिसले होते.