नवा शेवट

एमेटने उभं आयुष्य ओहायोतल्या लोकांच्या लग्नांचं शूटिंग करून पोट भरलं, पण स्वतःच्या सिनेमात कुणाला बोट घालू दिलं नाही. हा सिनेमा तर त्याच्या पोरावर, कोलवर होता. कोल इराकच्या युद्धातून शवपेटीत परत आला, तिथेच सिनेमा संपत होता. या वेळी मात्र करारात शेवटच्या काटछाटीची कात्री वितरकाच्या हाती गेली. त्याने मॉलमधल्या प्रेक्षकांना सिनेमा दाखवला, त्यांनी नाकं मुरडली आणि वितरकाने कोलचं काम करणाऱ्या नटाला घेऊन शेवट परस्पर बदलला. आता पोरगा जिवंत घरी येत होता.

"हरामखोर! तिकिटं खपवायला माझं मेलेलं पोर उठवलं! सिनेमावरून माझं नाव काढा म्हणून सांगतो सकाळी. वर्ना, तूच बघ काय घाण केलीय!" एमेट बायकोला म्हणाला.

पडद्यावर शवपेटी आली की वर्ना दरवेळी उठून जायची. आज बसून राहिली. पडद्यावर स्वयंपाकघराचं दार ढकलून पोरगा आत आला. "आई, भूक लागलीय गं."

एमेट बायकोच्या शिव्यांची वाट बघत होता.

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने लावला. मग आणखी एकदा.

त्या सिनेमावर दिग्दर्शक म्हणून आजही एमेटचंच नाव आहे.