कोपऱ्यातला बाण

कॉम्प्युटर सुरू होत होता, पंखा फिरत होता, पण सीडी ड्राइव्ह काही केल्या यादीत दिसेना. दुरुस्तीवाल्या गी-सोकनं केबल बदलून पाहिली. ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारा प्रोग्राम, काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बिघाडाचं पिवळं उद्गारचिन्ह जागचं हलायला तयार नव्हतं.

"शेठ, अजून त्याच डबड्याशी झोंबताय?" शेजारच्या गाळ्यातून मेंगनं विचारलं. "फॉरमॅट मारा नि मोकळे व्हा."

सोल शहरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटर-बाजारात सर्दी घेऊन या नाहीतर मोडलेला हात, औषध एकच. सगळं कोरं करायचं आणि विंडोज नव्यानं घालायचं. ड्रायव्हरचं दुखणं नेमकं कुठं आहे हे शोधायला अख्खी दुपार जाते. फॉरमॅटला चाळीस मिनिटं. गी-सोक वीस वर्षं हेच करत आला होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

समोर स्टुलावर मोक आजी बसल्या होत्या. कॉम्प्युटर कापडात बांधून, ढकलगाडीवर घालून, इंचनहून ट्रेननं एकट्याच आल्या होत्या. मांडीवर रुमालात गुंडाळलेली एक सीडी. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं, "आईचा साठावा वाढदिवस". अक्षर त्यांच्या मुलाचं, ग्यू-चोलचं. मासेमारीच्या बोटीवर कामाला निघाला त्या सकाळी त्यानं घाईघाईत ती करून दिली होती. बोट परत आली, तो आला नाही. त्याला बारा वर्षं झाली.

"फोटो भिंतीवर आहे," आजी म्हणाल्या. "तोंड रोज दिसतं. आवाज मात्र या वसंतात आठवेनासा झाला बघ. इतकी वर्षं वाटायचं, सीडी आहे की घरात, कुठं पळून जातेय. आता लावायला गेले तर हे यंत्र ती ओळखतच नाही. माझ्या वाढदिवसाला गायला होता रे तो. गळा असा की बेडूक बरा. पण गायला होता."

गी-सोक हसला. मग त्यानं सगळ्यांना विचारतो ते विचारलं. "आई, आत काही ठेवण्यासारखं आहे का? एकदा कोरं केलं की परत मिळायचं नाही." त्या बाजारात वयस्क बाईला सगळे आईच म्हणतात.

"काही नाही बाबा. सगळं सीडीत घातलंय, असं तो स्वतः सांगून गेलाय. तू खुशाल काय करायचं ते कर."

गी-सोकनं बटण दाबलं.

चाळीस मिनिटांनी ड्राइव्ह यादीत आला. पिवळं चिन्ह गेलं. "झालं, आई," तो म्हणाला आणि सीडी आत सरकवली. आजींनी चष्मा चढवला, स्टूल पुढे ओढलं आणि दोन्ही हातांनी केस नीट बसवले.

पडद्यावर पाच नावं आली. 'आई केक कापते'. 'मामाचा नाच'. 'माझं गाणं'. प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता.

गी-सोकनं पडद्याजवळ वाकून पाहिलं. बाण असला की ती वस्तू नसते, वस्तू कुठे आहे त्याचा नुसता पत्ता असतो. पोरानं घाईत पत्तेच उचलून सीडीत घातले होते. गाणं होतं तिथंच राहिलं होतं, याच कॉम्प्युटरच्या पोटात, बारा वर्षं, सुखरूप. चाळीस मिनिटांपूर्वीपर्यंत. पत्ता हातात होता आणि घर त्यानंच पाडलं होतं.

तरी त्यानं 'माझं गाणं' दाबलं. मूळ फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं.

मग त्यानं दुसरी मशीन जोडली, गेलेलं खणून काढायचा प्रोग्राम लावला. मेंगही आपला गाळा सोडून आला. आजींना त्यांनी बार्लीचा चहा दिला, जरा वेळ लागेल म्हणाले. दोन तास गेले. हाताला लागली ती तीन सेकंदांची खरखर, आणि तिच्यात माणूस नव्हता.

"वर नवीन विंडोज बसलंय, शेठ," मेंग हळूच म्हणाला. "आता ब्रह्मदेवालाही नाही मिळायचं. सांगणार का त्यांना?"

गी-सोकनं हात पुसले. आजींच्या समोर जाऊन तो उकिडवा बसला. "आई, त्याचं असं झालंय..."

"गेली ना?" आजी म्हणाल्या. "तुमची तोंडं बघूनच कळलं. माझंच चुकलं रे. हिवाळा आला की मी ती जमिनीवर ठेवायचे, खालच्या गरम नळ्यांनी जमीन जिथं सगळ्यात जास्त तापते ना, तिथं. वरून रजई. एवढ्या गार पाण्यात गेला तो, म्हणून. परवा शेजारीण म्हणाली, सीडीला ऊब सोसत नाही. उबेनंच गेली ना ती?"

मेंग खाली मान घालून आपल्या गाळ्याकडे गेला.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते गी-सोकच्या जिभेवर आलंही होतं. पण बारा वर्षं जपलेलं माणूस आपण एका बटणावर घालवलं, हे या बाईच्या तोंडावर सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"हो," तो म्हणाला. "उबेनंच."

आजींनी सीडी पुन्हा रुमालात गुंडाळली. चारी टोकं नीट दुमडली.

"म्हणजे गारच ठेवायला हवं होतं त्याला," त्या म्हणाल्या.