सावकाश जा, राणी

"जा राणी. सावकाश जा हं."

हिमानीच्या हातातली दुधाची बाटली सिंकमध्येच राहिली. आवाज शार्दूलचा होता. पण इतका मऊ आवाज तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. ती तशीच बाहेर आली.

शार्दूल सोफ्यावर तोंड मिटून बसला होता. बोलत होता तो टीव्हीतला शार्दूल. ब्राझीलमधल्या कुठल्याशा नदीत तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. हातात हिरवापिवळा, धिप्पाड मासा. पीकॉक बास. शेपटीवर मोरपिसात असतो तसा डोळा. घराजवळ, शुगर लँडच्या तळ्यांवर गळ टाकून शनिवार घालवणाऱ्या शार्दूलला आयुष्यात एकदा हा मासा गळाला लावायचा होता. ट्रिप बुक केली तेव्हा इलाचा पत्ताही नव्हता. आणि निघायची वेळ आली तेव्हा तान्ही लेक घरात होती, तरी "जा ना, मी कुठे अडवलंय," असं हिमानीच म्हणाली होती. त्याने शब्द ऐकले, स्वर ऐकला नाही. गेला.

"वहिनी, बसा, बसा. खरी गंमत आता आहे," परीक्षित म्हणाला. ट्रिपमधला हा शार्दूलचा जोडीदार. व्हिडिओ त्यानेच घेतला होता. "आणि राणी कसली रे, यार? डोक्यावर उंचवटा बघ ना. नर आहे तो. राजा म्हण."

म्हणजे सवत म्हणावी तर तीही धड नाही, असं हिमानीच्या मनात आलं. ती बसली नाही.

टीव्हीवर शार्दूलने एक तळवा माशाच्या पोटाखाली घेतला. दुसऱ्या हाताने शेपटीचं मूळ धरलं. माशाचं तोंड प्रवाहाकडे वळवलं आणि नुसता उभा राहिला. मासा दमला होता. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. शार्दूल खाली वाकून त्याच्याशी काहीबाही बोलत होता.

"इथे सगळी बोट खोळंबली आमची," परीक्षित हसत म्हणाला. "दमलेला मासा सोडला ना, की नदीतले डॉल्फिन येऊन मटकावतात. टपलेलेच असतात ते. म्हणून हा सोडेचना! गाइड ओरडतोय, मी ओरडतोय. हा आपला त्याची आई झालेला."

शार्दूल कसंनुसं हसला. हिमानी हसली नाही.

इला आता तीन महिन्यांची होती. वेळेच्या फार आधी आली होती. हॉस्पिटलमध्ये शार्दूलने तिला पहिल्यांदा घेतलं आणि मॉनिटर किंचाळला. एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. नर्सने तसं हसून सांगितलंही. पण त्या दिवसापासून त्याने इलाला उचललं नव्हतं. बाटल्या उकळायचा. डायपर आणायचा. कारसीटचा पट्टा परत परत ओढून बघायचा. घ्यायची वेळ आली की मात्र त्याचे हात गार असायचे, शर्टाला धूळ असायची, नाहीतर ऑफिसचा कॉल असायचा. आजी होती तोवर हे खपून गेलं. हिमानीची आई परवाच कोल्हापूरला परतली. उद्यापासून हिमानीचं ऑफिस सुरू होणार होतं आणि शार्दूलची सुट्टी. घरात दोघंच. इला आणि तो.

हिमानी त्या टीव्हीतल्या तळव्याकडे बघत राहिली. मासा त्याच्यावर किती निर्धास्त पडला होता! ती जागा कुणाची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माशाने शेपटीचा फटकारा मारला. पाणी उडालं. तो गेला. परीक्षितने टाळ्या वाजवल्या, चहा संपवला आणि तोही गेला.

आतून इला रडायला लागली. हिमानी तिला खांद्यावर घेऊन बाहेर आली. शार्दूल लगबगीने कप उचलायला लागला.

"छान होता हं तुझा मासा," ती म्हणाली.

"हिमा, प्लीज."

"नाही, खरंच छान होता. जळले मी त्याच्यावर. हिला खवले असते तर घेतलं असतंस ना रे?"

कप त्याच्या हातात तसेच राहिले.

"त्याला काही झालं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तो मासा होता, हिमा."

इला तिच्या मानेत तोंड खुपसून मुसमुसत होती.

"घे तिला," ती म्हणाली. आता आवाजात धार नव्हती.

शार्दूलने कप खाली ठेवले आणि तो स्वयंपाकघरात गेला. पळाला, तिला वाटलं. पुन्हा पळाला. मग नळाचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. शार्दूल परत आला तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे धरले होते आणि कोपरांवरून कार्पेटवर पाणी ठिबकत होतं.

"हे काय?"

"कोरड्या हातांनी धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो," तो म्हणाला. आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, पण त्याने हात खाली घेतले नाहीत. "मग सोडल्यावर जगत नाहीत ते. म्हणून आधी हात ओले करायचे. तोंड प्रवाहाकडे... मला एवढंच येतं गं."

हिमानी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इलाला एका हाताने सावरून तिने दुसऱ्या हाताने आपल्या कुर्त्याचं टोक धरलं आणि त्याचं एकेक बोट पुसायला घेतलं.

"कोरडेच राहू देत," ती म्हणाली. "हिला सोडायचं नाहीये."