लाइट गेल्यावर

सही कुठं करायची ते राजसनं बोटानं दाखवलं. वसुंधरानं कोटेशन स्वतःकडं ओढलं आणि त्याला वरपासून एकेक वस्तू समजावून सांगायला लावली. राजस तिचा पुतण्या. सोलरचा धंदा त्यानं इथं नवीन पनवेलमध्येच थाटला होता. पॅनल उन्हापासून वीज करतं, इन्व्हर्टर ती घरात वापरता येईल अशी करतो, उरलेली मीटरमधून बाहेर जाते आणि बिलातून वजा होते, असं तो घडाघडा सांगत गेला.

आतल्या खोलीत तिच्या नवऱ्याचं, दिनानाथांचं, ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. दार उघडंच होतं.

"आणि लाइट गेली की?" तिनं विचारलं.

बिल जवळजवळ शून्यावर येईल, असं काहीतरी राजस म्हणाला.

"बिलाचं नाही विचारत. परवा दुपारी लाइट गेली, तर सिलिंडर जोडेपर्यंत काकांचे ओठ निळे पडले. अशा वेळी छतावरच्या विजेवर मशीन चालेल ना?"

राजसनं मान खाली घातली. लाइट गेली की हा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, तो हळू आवाजात म्हणाला. नाहीतर इथली वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. बाहेर रणरणतं ऊन असलं, तरी घरात वीज नसेल. त्यासाठी बॅटरी लागते.

"ती यात कुठं आहे?"

"नाहीये."

वसुंधरानं कोटेशन बाजूला सारलं. ही सगळी खटपट तिनं त्या मशीनसाठीच मांडली होती.

"तू घरचा माणूस, राजस. आणि तूच ती वगळलीस?"

राजसनं आतल्या दाराकडं पाहिलं. "मी घातली होती, काकू. काकांनी फोन करून काढायला लावली. म्हणाले, बॅटरी दहा वर्षं टिकते, मी काही तेवढा टिकत नाही. माझ्यामागं तुझ्या काकूला बिल भरावं लागू नये, एवढंच बघ."

ती उठून दारापर्यंत गेली. दिनानाथ भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते; झोपले की त्यांचा खांदा असा ताठ राहत नसे.

"बॅटरी घाल," ती तिथूनच राजसला म्हणाली. "इन्व्हर्टर बदलावा लागत असेल, तर तोही बदल."

कमी वर्षांची, जरा स्वस्तातली बॅटरीही मिळते, ती दाखवू का, असं त्यानं विचारलं.

"दहा वर्षांची," वसुंधरा म्हणाली, आणि आतून नकार येतो का, याची वाट बघत दारातच उभी राहिली.

बऱ्याच वेळानं दिनानाथांनी कूस बदलली आणि तोंड इकडं केलं.