खोटी मिशी

टीव्हीवर नाटक कंपनीवरचा तोच जुना विनोदी पिक्चर लागला. त्यातला हिरो रूपरावांच्या बायकोचा भारी लाडका, म्हणून ते त्याच्यावर जळायचे. “मिशीसुद्धा खोटी त्याची!” आपल्या मिशीला पीळ देत ते म्हणायचे. “खोटी असली तरी हसवते तं!” ती म्हणायची. मग रूपराव तणतणत गोठ्यात जाऊन बसायचे. पिक्चरचा शेवट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. यंदा ती गेली. तिच्या दहाव्याला उतरवलेली मिशी आता पुन्हा भरली होती. “मामाजी, बंद करू का?” सुनेने विचारलं. “राहू दे, पाह्यतो आज.” एकाच गाण्यात हिरोइनची साडी उगाच तीनदा बदलली, तरी रूपराव हसले. शेवटी भर नाटकात हिरोची मिशी गळाली आणि रुसून गेलेल्या हिरोइनने धावत येऊन ती चिकटवली. “तुयी बाई आली परत,” ते पडद्याला म्हणाले, “मायी मिशीच आली.”